इचूका की मॉर्पेथ? नदीवरचं जुनं बंदर बघायचं तर कुठे जावं

ऑस्ट्रेलियातलं वसाहतकाळातलं नदीबंदर बघायचं ठरवलं, तर दोन नावं हमखास पुढे येतात. एक मेलबर्नच्या उत्तरेचं, मरे नदीकाठचं इचूका आणि दुसरं सिडनीच्या उत्तरेचं, हंटर नदीकाठचं मॉर्पेथ. दोन्हीकडचा मालव्यापार कधीच संपला. फरक असा की इचूकात बंदर दिसतं, तर मॉर्पेथमध्ये बंदराने उभं केलेलं गाव.

इचूकाची सुरुवात हेन्री हॉपवुडपासून. चोरीचा माल घेतल्याबद्दल इंग्लंडहून काळ्या पाण्यावर पाठवलेला हा माणूस शिक्षा भोगून इथे आला आणि 1850च्या दशकात नदी ओलांडायला तराफे चालवू लागला. त्याने 1859मध्ये बांधलेलं ब्रिज हॉटेल अजून उभं आहे. पण गावाचं नशीब खरं उघडलं ते 1864मध्ये मेलबर्नची रेल्वे आल्यावर. मरेला येऊन मिळणाऱ्या डार्लिंग नदीच्या वरच्या भागातली लोकर आगबोटींमागे बांधलेल्या पडावांतून इथे यायची आणि पुढे रेल्वेने मेलबर्नला जायची. डार्लिंग आटली की बोटी महिनोन् महिने वाटेतच अडकत. 1865पासून बांधलेला लाल गम (निलगिरीची एक जात) लाकडाचा धक्का वाढत वाढत तीनशे मीटरच्या पुढे गेला. तो तीन मजली का, हे नदी बघितल्यावर कळतं: हिवाळा-वसंतात पाणी चढायचं, उन्हाळ्यात तळाला जायचं, आणि प्रत्येक पातळीला माल उतरवता यायला हवा. आज त्याचा थोडाच भाग उरलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बराचसा सरपणासाठी तोडला. इथलंच लाल गम स्लीपर म्हणून भारतातल्या रेल्वेसाठीही गेलं होतं, हे धक्क्यावर उभं असताना आठवावं.

आणि बोटी अजून चालतात. 1866ची ‘ॲडलेड’ ही लाकडी बांध्याची आगबोट इथे आहे. बॉयलरमध्ये ओंडके टाकणारा माणूस जवळून बघायला मिळतो, मुलं तिथून हलत नाहीत. मुख्य रस्त्याचं थोडं जत्रेसारखं झालंय, हे मात्र खरं.

मॉर्पेथ जास्त जुनं. लेफ्टनंट एडवर्ड क्लोज यांना 1821मध्ये इथे जमीन मिळाली. युद्धातून जिवंत सुटलो तर चर्च बांधीन, हा नवस त्यांनी सेंट जेम्स चर्च बांधून फेडला. 1837मध्ये काम सुरू झालं. इथे समुद्रातली जहाजं थेट नदीने वर येत. 1831मध्ये ‘सोफिया जेन’ ही आगबोट सिडनीहून हंटरच्या फेऱ्या करू लागली आणि मॉर्पेथ या खोऱ्याचं दार झालं. मग नदी गाळाने भरत गेली, रेल्वे आली. 1889मध्ये हॉक्सबरी नदीवर पूल झाल्यावर सिडनीला जायला बोटीची गरजच उरली नाही. व्यापार थांबला आणि नवं बांधायला पैसा राहिला नाही, म्हणून जुनं टिकलं. स्वान स्ट्रीटवरची दुकानं, 1860च्या दशकातलं कोर्ट, बिस्किटवाल्या अर्नॉट कुटुंबाची बेकरी, 1898चा लाकडी पूल हे सगळं पायी फिरून होतं. धक्के मात्र जवळजवळ नाहीतच. नदीकाठी गेलात तर गवत आणि शांतता.

माझं मत विचाराल तर इमारतींची खरी आवड असलेल्यांनी मॉर्पेथला जावं. दगड-विटांचं काम इथे सरस आहे आणि गर्दीही कमी. बाकी सगळ्यांनी, विशेषतः मुलं किंवा भारतातून आलेले आईवडील सोबत असतील तर, इचूका. बंदर चालायचं कसं, हे तिथे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मेलबर्नहून इचूका गाडीने अडीच-तीन तास, रेल्वेनेही जाता येतं. डिसेंबर-जानेवारीचं ऊन मात्र विदर्भाच्या तोडीचं, त्यामुळे एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. मॉर्पेथ सिडनीहून दोन-सव्वादोन तास. रेल्वेचा फाटा 1953मध्येच बंद झाला, तेव्हा गाडी हवीच. अर्ध्या दिवसात गाव बघून होतं, उरलेला अर्धा हंटरच्या द्राक्षमळ्यांना द्या. इचूकाला एक रात्र राहा, आणि बोटीच्या वेळा निघण्याआधी बघून ठेवा.