मिरजेतलं बिनबोर्डाचं गॅरेज आणि बाबांची येझदी

गॅरेजला नाव नाही, बोर्ड नाही. मिरजेत जुन्या गाड्या बाळगणाऱ्या कुणालाही ‘येझदीवाले चाचा’ एवढंच म्हणा, आणून सोडतात. सात महिने तिथं खेटे घातलेत, त्यामुळे बरंवाईट दोन्ही सांगते.

गाडी बाबांची, १९९१ची येझदी रोडकिंग मोटरसायकल. बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. २०१९च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही माणसं, सिलिंडर आणि देव घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. गाडी अंगणातच राहिली. पाणी उतरल्यावर दोन्ही सायलेन्सरमधून गाळ निघाला. बाबांनी प्लग काढून आत तेल सोडलं आणि “बघू दिवाळीनंतर” म्हणाले. ते राहूनच गेलं. २०२१मध्ये बाबा गेले. भंगारवाला दोनदा दारात आला, आईनं दोनदा हाकलला.

आधी एका चकचकीत दुकानात दाखवली. नाव घेत नाही. तिथला पोरगा म्हणाला, “मॅडम, मागचं मडगार्ड कापून स्क्रॅम्बलर करू,” म्हणजे कच्च्या रस्त्यावरच्या गाडीसारखा लूक. गाडी त्याच टेम्पोतून परत आणली.

चाचांनी किक दाबून पाहिली. जाम. मग खाली बसून बराच वेळ नुसती बघितली आणि विचारलं, “ताई, कंपनीची करायची का वडिलांची?” कंपनीची म्हणजे मरून रंग, क्रोम, स्टिकर जागच्या जागी. वडिलांची म्हणजे बाबांनी मारून घेतलेला काळा रंग, मागं जाड सळईचं कॅरियर. घरी दोन दिवस वाद झाला. पुण्याचा भाऊ कंपनीच्या बाजूनं, आई बाबांच्या. काळा रंग ठरला, हे वेगळं सांगायला नको.

इंजिनच्या कामाला माझे पूर्ण मार्क. मालक समोर असल्याशिवाय चाचा इंजिन उघडत नाहीत. क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचं, बेअरिंग माझ्या तळहातावर ठेवून फिरवायला लावलं, जात्यात खडा आल्यासारखं कर्रकर्र वाजलं. क्रँक कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्रेस मशीनवर खोलून जोडायला गेला. कनेक्टिंग रॉड, बेअरिंगं, ऑइल सील सगळं नवं, बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक, दुसऱ्या साइजला वाढवलं. सीलवर चाचा फार बोलतात. टू-स्ट्रोकला क्लचकडचं सील गेलं की इंजिन गिअरचं ऑइल ओढतं आणि मागं पांढरा धूर सोडत बसतं. लोक मात्र कार्बोरेटरलाच शिव्या देतात. पार्ट भावानं पुण्याच्या नाना पेठेतून आणले. एका दुकानदारानं “नव्या येझदीचं बघू का?” असं विचारलं म्हणे. २०२२ला आलेली ती फोर-स्ट्रोक, तिचा एक पार्ट हिला चालेल तर शपथ. हिची म्हैसूरची कंपनी १९९६लाच बंद झाली.

आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे चाचा घरच्यांना काम देतात. टाकी आमच्याकडेच पाठवली. गंज काढायला माझ्या लेकानं आत मूठभर नट आणि डिझेल घालून तीन संध्याकाळ ती अंगणात घुसळली. पहिल्या दिवशी चहासारखं पाणी निघालं. आईनं मालिका बघत पॉलिश पेपरनं स्पोक घासले. एकेक करून, मध्येच “हा वाकडाय” म्हणून बाजूला ठेवत.

आता तक्रारी. दोन महिने सांगितले, लागले सात. क्रोम बाहेरून करून आणतात, ते मला पटलेलं नाही. मागच्या रिमवर पहिल्याच पावसाळ्यात ठिपके आले. आणि हूक. लेगगार्डच्या डाव्या बाजूला बाबांनी सळईचा एक हूक वेल्ड करून घेतला होता, भाजीची पिशवी अडकवायला. चाचांच्या पोऱ्यानं तो फालतू समजून ग्राइंडरनं उडवला. मी गॅरेजात आवाज चढवला, खोटं कशाला सांगू. चाचा काही बोलले नाहीत. भंगाराचा डबा फरशीवर पालथा करून अर्धा तास शोधला, तोच हूक काढला आणि स्वतः लावला. पण लागला बोटभर खाली. परवा मेथीची जुडी सायलेन्सरच्या पाइपला टेकून करपली. आई म्हणते, राहू दे, पिशवीची बंदं आखूड करते.

बिल ६१,५०० झालं. कॅलेंडरच्या पाठीमागं पेन्सिलीनं मांडलेलं, पण बोल्टसुद्धा लिहिलेला. जुने पार्ट पोत्यात बांधून परत देतात. आरटीओचं काही बघत नाहीत. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ आणि मृत्यूचा दाखला लागतो. पंधरा वर्षांवरची गाडी असल्यानं नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर वेगळा. ते आधी उरका, आम्ही उलटं केलं आणि रंगवलेली गाडी महिनाभर झाकून ठेवावी लागली.

फोन उचलत नाहीत, सकाळी साडेदहानंतर जा. शुक्रवारी दुपारी बंद. पेट्रोलच्या लिटरला किती टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल घालायचं ते टाकीच्या झाकणाखाली खडूनं लिहून देतात, घरी आल्या आल्या वहीत उतरवा. आणि येझदीची किक म्हणजे गिअरचाच दांडा, आत दाबून वर फिरवायचा. माझा लेक पंधरा मिनिटं उजवीकडे किक शोधत होता. चाचा स्टुलावर बसून चहा पीत बघत होते, सांगितलं नाही.