ग्रो बॅगमधली फळझाडं आणि सांगलीचं बोअरचं पाणी : दोन उन्हाळ्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते, मग कारणं. एचडीपीई या प्लॅस्टिकच्या जाड कापडी ग्रो बॅगमध्ये फळझाडं चांगली वाढतात, फळंही धरतात आणि सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात या बॅगा टिकतात. पण झाड जगणार की कुढत राहणार, हे बॅगेवर कमी आणि तुमच्या नळाला कुठलं पाणी येतं यावर जास्त ठरतं. बॅगांबद्दल लिहिणारे बहुतेक जण पाण्याचा विषयच काढत नाहीत, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते आहे.

आमचं घर विश्रामबागला. वर मोकळी गच्ची, मागे छोटं परसू. गच्चीवर बॅगांमध्ये साई शरबती कागदी लिंबू, भगवा डाळिंब आणि पूना अंजीर आहे. परसात जमिनीत सरदार पेरू आणि आम्रपाली आंबा. हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीत एक चायना ऑरेंज. सगळी कलमं पावसाळ्याच्या तोंडावर आणलेली.

बॅग १८ बाय १८ इंचांची घ्या, फळझाडाला त्याहून लहान नको. १८ बाय १८ मध्ये साधारण ७५ लिटर मिश्रण बसतं, १५ बाय १५ मध्ये ४३ लिटर. मापात फरक तीन इंचांचाच दिसतो, पण मुळांची जागा जवळपास निम्म्यावर येते. दुकानदाराला जीएसएम, म्हणजे कापडाचं चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, ते विचारा. २२० च्या खालची बॅग भाजीला ठीक, झाडाला नाही. माझ्या बॅगांचा बाहेरचा हिरवा रंग उन्हाकडच्या बाजूला फिका पडला आहे, कापड मात्र अजून घट्ट आहे, नखाने खरवडलं तर भुगा निघत नाही. शिलाई टिकली. कडी म्हणून दिलेल्या पट्ट्या टिकल्या नाहीत. भरलेली बॅग त्या पट्ट्यांना धरून उचलायचा विचारसुद्धा करू नका, खाली सरकपट्टी घालूनच हलवा. तळाची भोकं जमिनीला चिकटली की बंद होतात, म्हणून प्रत्येक बॅग चार विटांवर ठेवली आहे. स्लॅबला ओल लागत नाही आणि निचरा डोळ्यांना दिसतो.

वजनाचंही इथेच सांगते. ओली झालेली ७५ लिटरची बॅग ८०-९० किलोंची होते. आपल्याकडे चढता येण्यासारख्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो भाराच्या हिशेबाने काढतात. म्हणून बॅगा स्लॅबच्या मध्यावर गोळा करून ठेवू नका, भिंतीलगत आणि तुळईच्या रेषेवर ठेवा. घर जुनं असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

आता माती. आपल्याकडे काळी माती फुकट मिळते, म्हणून लोक तीच भरतात. जमिनीत ती सोनं आहे, बॅगेत नाही. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. आमच्या शेजारच्या गच्चीवरच्या बॅगेत मी हे जवळून पाहिलं. मातीचा गोळा आकसून बॅगेच्या कडेपासून बोटभर सुटला होता, वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जाऊन भोकांतून वाहत होतं. बघणाऱ्याला वाटावं झाड भिजलं, आणि मधली मुळं मात्र ठणठणीत कोरडी. माझं मिश्रण असं : दोन भाग पोयटा (नदीकाठची गाळाची भुसभुशीत माती), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट, आणि शिराळ्याकडून आणलेलं भाताचं तूस ओंजळी-ओंजळीने. निंबोळी पेंड बॅगेमागे दोन मुठी. कोकोपीट धुवायचं कारण तेच, जे पुढे सगळीकडे येणार आहे : त्यात मीठ असतं.

आमच्याकडे पालिकेचं कृष्णेचं पाणी पिण्यापुरतं, बाकी सगळं बोअर. पहिल्या उन्हाळ्यात लिंबाच्या पानांची टोकं करपायला लागली. बॅगेच्या काठावर आणि खालच्या विटांवर पांढरी पूड बसत होती, बोटाने पुसली की खडूसारखी निघे. माझा धाकटा भाऊ तासगाव भागात द्राक्षबाग करतो. तो गच्चीवर आला, पानाला हातही न लावता विटांकडे बघून म्हणाला, "आक्का, खत कमी पडलंय असं समजून घालत बसू नकोस. पाणी तपास आधी." पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर तोच घेऊन आला होता. बोअरचा आकडा हजाराच्या वर, पालिकेच्या पाण्याचा त्याच्या कितीतरी खाली.

द्राक्षवाल्यांना हे शिकवावं लागत नाही. दुष्काळ आणि क्षार सोसावेत म्हणून तर त्यांच्या बागा डॉगरिज या रानटी द्राक्षवेलाच्या खुंटावर, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांच्या भागावर, उभ्या आहेत. आणि कृष्णाकाठच्या मिरज-वाळव्याच्या क्षारपड जमिनी आपण सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत : पाणी भरपूर, निचरा नाही, की क्षार वर येऊन बसतात. बॅगेत हेच लहान जागेत आणि फार लवकर होतं. जमिनीतले क्षार पावसाने खोल तरी जातात. बॅगेतलं पाणी झाड पितं, ऊन शोषतं, क्षार मात्र तिथेच राहतात आणि दररोज त्यात भर पडते.

सगळी झाडं हे सारखं सोसत नाहीत. लिंबूवर्गीय झाडं सगळ्यांत नाजूक, आंबाही नाजूक. पेरू मधला. डाळिंब आणि अंजीर बऱ्यापैकी चिवट. माझ्या गच्चीवर हे अगदी ओळीने दिसलं. एकाच मिश्रणात, ठिबकच्या एकाच लॅटरलवर (नळीवर) असलेल्या तीन बॅगांपैकी लिंबू करपलं, डाळिंबाने थोडी कुरकुर केली आणि अंजिराला काहीच झालं नाही. म्हणून बोअरचं जड पाणी असेल, तर पहिलं झाड अंजीर घ्या, लिंबू नको. लोक नेमकं उलटं करतात, कारण लिंबू रोज लागतं.

भावाने सांगितलेला उपाय मी आजही पाळते. पंधरा दिवसांतून एकदा बॅगेला इतकं पाणी द्यायचं की तळातून चांगलं वाहून गेलं पाहिजे, म्हणजे क्षार सोबत निघतात. लिंबाला मात्र बोअर बंद. पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पिंपात धरते. हिशेब सोपा आहे : दहा चौरस मीटर पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होतं, पहिल्या सरीचं सोडून दिलं तरी पिंप भरतं. उन्हाळ्यात एसीचं ठिबकलेलं पाणी लिंबाला जातं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणाऱ्यांना कळकळीने सांगते, ते घालू नका. फिल्टरने गाळलेले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात.

जड पाण्याचा दुसरा त्रास पानांच्या रंगात दिसतो. नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. ही लोहाची कमतरता. नर्सरीवाले हिराकस (फेरस सल्फेट) घाला म्हणतात, पण चुनखडीच्या मातीत आणि पाण्यात हिराकसातलं लोह लगेच अडकतं, झाडाला मिळत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह घ्या, आणि त्यातही पाकिटावर ईडीडीएचए लिहिलेलं. लालसर पूड असते, महाग असते, पण चिमूटभर पुरते. माझ्या लिंबाची पुढची पालवी हिरवी आली.

ठिबकबद्दल थोडक्यात. १६ मिलिमीटरची लॅटरल, बॅगेमागे तासाला चार लिटर सोडणारे दोन ड्रिपर, बॅटरीवरचा टायमर. मे महिन्यात १८ इंची बॅगेतल्या लिंबाला दिवसाला चार-पाच लिटर लागतात, सकाळी आणि संध्याकाळी विभागून. ड्रिपर क्षारांनी तुंबतात. महिन्यातून एकदा काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजवले की मोकळे होतात. बॅगेच्या तोंडावर उसाचं पाचट जाड अंथरा. आपल्याकडे ते हवं तितकं मिळतं आणि मातीचा पृष्ठभाग तापायचा थांबतो. सगळ्या खरेदीत सर्वांत जास्त उपयोग झालेली गोष्ट हे पाचट आहे आणि त्याला पैसे पडले नाहीत.

लिंबावर आणखी लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त निरीक्षण त्याचंच झालं. कोवळी पालवी आली की फुलपाखरू अंडी घालतं. आधी पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं तपकिरी-पांढरं काही दिसतं, ती अळीच असते. मोठी झाली की हिरवी होते. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. लहान झाडाची सगळी पालवी दोन-चार अळ्या संपवतात. एक-दोन झाडांसाठी औषध मारायची गरज नाही, रोज सकाळी पानांची खालची बाजू बघून हाताने वेचायच्या. नागअळीचं तसं नाही, ती पानाच्या आतून वेडीवाकडी चंदेरी रेघ ओढत जाते, आणि त्या जखमेतून पावसाळ्यात खैऱ्या रोग शिरतो. खैऱ्याचे खरबरीत तपकिरी फोड पानावर, काट्यावर, फळावर येतात, पावसाच्या शिंतोड्यांनी पसरतात. तशा फांद्या कोरड्या दिवशी कापायच्या आणि एक टक्का बोर्डो मिश्रण मारायचं : दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना, प्लॅस्टिकच्या बादल्यांत वेगवेगळा भिजवून मग एकत्र. लोखंडी खिळा बुडवून बघा, त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. दुसऱ्या उन्हाळ्यात लिंबाला पातळ सालीची, रसाने भरलेली लिंबं लागली. घरातल्या पन्ह्या-सरबतापुरती पुरली, बाजाराची आठवण झाली नाही इतकी काही नाही.

डाळिंबात एक गोष्ट बॅगेमुळे सोपी झाली. आटपाडीकडचे शेतकरी बहार (एका हंगामाची फुलं-फळं) धरायला पाणी तोडून झाडाला ताण देतात, जमिनीत त्याला आठवडे लागतात. बॅगेत ओल साठून राहायला जागाच नसते, ताण फार लवकर बसतो. पानगळ झाली की हलकी छाटणी, खत, आणि पाणी पुन्हा सुरू. मृग बहार, म्हणजे पावसाच्या सुरुवातीचा, मात्र धरू नका. पावसात वाढणाऱ्या फळावर तेल्या रोग येण्याची भीती मोठी. हस्ताचा (सप्टेंबर-ऑक्टोबरचा) किंवा आंबिया (जानेवारी-फेब्रुवारीचा) बहार बरा.

अंजीर हे माझं सर्वांत लाडकं. पूना अंजिराला परागीभवन लागत नाही, एकटं झाड फळतं. फळ नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटायला हात आखडू नये. पावसाळ्यात पानांच्या मागे तांबेरा येतो आणि झाड उघडं पडतं. बघवत नाही, पण पाऊस सरला की पुन्हा फुटतं. पावसाळी फळ पाणचट, उन्हाळ्यातलं गोड. पिकलेलं अंजीर देठाशी वाकतं, सालीवर बारीक उभ्या भेगा पडतात आणि खालच्या डोळ्यातून मधासारखा थेंब येतो. तेव्हाच तोडायचं. तोडलेलं अंजीर पुढे पिकून गोड होत नाही.

परसाबद्दल. सरदार पेरूला लखनौ-४९ म्हणतात, पण त्याची निवड १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंडीत झालेली आहे, आणि आपल्या काळ्या मातीत तो घरचा असल्यासारखा वाढतो. गावभागातल्या माहेरच्या परसात २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पुराचं पाणी उभं राहिलं. पपया गेल्या, पेरू तगला. पाणी साचणाऱ्या वस्तीत असाल तर ही एक गोष्ट लक्षात ठेवून झाड निवडा. पेरूला अडचण एकच, फळमाशी. नर माश्यांना ओढणाऱ्या मिथाइल युजेनॉलचा रक्षक सापळा दापोलीच्या कृषी विद्यापीठाने दिलेला आहे, पण त्यात नर माश्याच सापडतात. एका परसाला तेवढ्याने भागत नाही, फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी बांधावीच लागते.

आम्रपाली दशेरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेला, ठेंगणा, म्हणून लहान परसाला घेतला. काळी माती आहे, त्यामुळे खड्ड्यात न लावता उंचवटा करून लावला. पहिला मोहोर खुडून टाकला, झाड आधी भरू दे. आंब्याचा खरा अनुभव लिहायला अजून दोन-तीन वर्षं लागतील. बॅगेत मात्र आंबा लावू नका, निदान बोअरच्या पाण्यावर तरी नको.

घरातल्या झाडाबद्दल मनात धाकधूक ठेवूनच लिहिते, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांच्या आशा इथेच असतात. उघड्या दुपारी उन्हात लाखाच्या आसपास लक्स प्रकाश असतो, खिडकीपासून दोन मीटर आत हजारसुद्धा भरत नाही. डोळ्यांना खोली उजेडाची वाटते, झाडाला ती संध्याकाळ असते. चायना ऑरेंज काचेला चिकटून ठेवलं तेव्हा ते टिकलं, सोफ्याजवळ सरकवलं तेव्हा पानं गळाली. ग्रो लाइट लावल्यावर फुललं. आत मधमाशी येत नाही, तेव्हा मऊ ब्रश फुलाफुलांतून फिरवला आणि फळं धरली, शोभेची, आंबट, लोणच्याला छान. आतल्या कोरड्या हवेत खवले कीड फार येते, ओल्या फडक्याने पानं पुसावी लागतात. खिडकीत चार-पाच तास थेट ऊन येत नसेल तर फळासाठी झाड आत ठेवू नका. ग्रिलमध्ये, बाल्कनीत, जिथे ऊन आहे तिथेच ठेवा.

कलम घेताना जोड बघून घ्या. जोडाखालून फुटलेला फुटवा घरी आल्यावर वरचेवर मोडत राहायचा, नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो. आणि पिशवीच्या तळातून मुळं गोल गुंडाळून बाहेर आलेली असतील तर ते रोप स्वस्तात दिलं तरी नको.

या पावसाळ्यात मी लिंबाच्या शेजारी पाचशे लिटरची टाकी बसवते आहे, पत्र्याचं सगळं पाणी तिच्यात, आणि ती फक्त लिंबासाठी. नवीन बॅगा दोनच घेणार, दोन्ही १८ इंची, दोन्हींत अंजीर.