फेबर-कॅस्टेल पॉलीक्रोमॉस रंगीत पेन्सिली, ३६ रंगांचा संच : अकरा महिने आणि एक पावसाळा

पार्सल जूनच्या पहिल्या आठवड्यात आलं. कागद-पेन्सिलीची खरेदी करायला गोव्यात याहून वाईट मुहूर्त नाही. पण निवृत्तीचे पैसे नुकतेच हातात पडले होते, आणि मुलगी म्हणाली, "आई, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी घेतलंस, आता ही एक डबी घे."

मी फुलं काढते. शाळेत असल्यापासून काढते. मध्ये लग्न, दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, पणजीतली कारकुनी. फोंडा-पणजी रोज तासभर कदंबाच्या बसमध्ये. बाणस्तारीच्या पुलापाशी गाडी अडकली की पर्समधली छोटी वही निघायची आणि एखादी पाकळी पुरी व्हायची. जलरंग कधीच सोडून दिले. पाणी आणायचं, ब्रश धुवायचा आणि रंग ओला असेतो कुणी हाक मारायची नाही, असं घर मला मिळालं नाही. पेन्सिल कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला पाकळीच्या मधोमध खाली ठेवता येते. चार दिवसांनी उचलली तरी तिथूनच पुढे जाते. माझं चित्र काढणं टिकलं ते एवढ्याचमुळे. चिकाटी वगैरे लोक म्हणतात, ती माझ्यात फारशी नाही.

एका पॉलीक्रोमॉसच्या किमतीत कॅमलिनची बारा रंगांची डबी येते. त्या डब्यांवर माझी चाळीस वर्षं निघाली आणि माझी काही तक्रार नाही. मग या कशाला? शिसं ३.८ मिलिमीटर जाड आणि तेलावर आधारलेलं आहे. मेणाच्या मऊ पेन्सिलीचं टोक लगेच बोथट होतं, हिचं बराच वेळ टिकतं. अबोलीच्या देठाजवळची बारीक रेघ एका दमात ओढता येते. दांडा गोल आहे. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा दुखतो, त्याला षटकोनी कडांपेक्षा हा बरा वाटतो. गोल म्हणजे घरंगळणार, आणि पडली की आतलं शिसं तुटणार. टेबलावर जुना पंचा अंथरते, काम भागतं.

पार्सलातल्या दोन पेन्सिली आतून तुटलेल्याच निघाल्या. शार्पनर फिरवावा तसे तुकडे गळत होते. विक्रेत्याने फोटो मागवले, मग पुन्हा मागवले, मग गप्प झाला. त्या दोन्ही रंगांच्या सुट्या पेन्सिली घेतल्या. सुट्या मिळतात ही या संचाची खरी सोय आहे. म्हणूनच १२० ची पेटी घेऊ नका. ३६ घ्या, आणि आपल्या अंगणातलं फूल जे मागेल ते सुटं आणा.

माझ्या अंगणाने पहिल्यांदा अबोली मागितली. अबोलीचा रंग कुठल्याच पेन्सिलीत नसतो. केशरी म्हणावं तर फिकट, गुलाबी म्हणावं तर उन्हातला. बऱ्याच कागदांचा चुरा केल्यावर जमलं ते असं (आकडे पेन्सिलीच्या दांड्यावरचे) : खाली १०३ ची हस्तिदंती, वर पोवळ्याच्या रंगाची १३१, त्यावर १११ केशरी अगदी हलक्या हाताने, आणि पाकळ्या जिथे नळीला मिळतात तिथे ११७ लाल, जेमतेम. थर पातळ हवेत. पहिल्याच थराला जोर लावला की कागदाचा ग्रेन, म्हणजे खरखरीतपणा, बसतो आणि पुढचा रंग वरून घसरतो. अबोलीच्या पाच पाकळ्या गोल बसत नाहीत, पंख्यासारख्या एकाच बाजूला उघडतात. मी कित्येक वर्षं त्या सवयीने गोल काढत आले होते. वेणीत रोज माळलेलं फूल, कधी नीट पाहिलंच नव्हतं.

जुलैत पंचाईत झाली ती कागदाची, पेन्सिलीची नाही. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, गुळगुळीत कापसाचा कागद. आठ दिवस सलग पाऊस लागला आणि तो शिळ्या पोळीसारखा लुळा पडला. ओलसर कागदावर टोक रुततं, रंगाऐवजी खळगा उमटतो. आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात बल्ब लावून ठेवतात, तोच उपाय कागदाला केला. खालच्या कप्प्यात बल्ब, वर पत्र्याचा डबा, डब्यात कागद आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या. काम करायचं तेव्हा एकच कागद बाहेर काढायचा. याच दिवसांत जुन्या मेणाच्या पेन्सिलीने काढलेल्या जास्वंदीवर पांढुरकी साय दिसली. बुरशी समजून मी घाबरले. ते मेण वर आलेलं होतं, मऊ फडक्याने पुसलं आणि लाल परत दिसू लागला. पॉलीक्रोमॉसच्या चित्रांवर अजून तरी साय धरलेली नाही. पश्चिमेच्या भिंतीवर काचेला चिकटून बसवलेल्या एका चित्रावर मात्र खरेच तपकिरी ठिपके पडले. आता काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालून फट ठेवते.

चवथीच्या आधी भाऊ माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या मांडवीचं, सामान घेऊन आला. कांगलां, कवंडळ, आंबाडे, सुपारीचा घोस आणि रानातली कळलावी. सामान वर बांधेपर्यंत दोन तास मिळाले. कळलावीच्या सहाही पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लाटेसारख्या, टोकाला लाल आणि बुडाशी पिवळ्या. लाल-पिवळ्याचा सांधा या पेन्सिलींनी फार सुरेख जुळतो. पिवळा आधी सगळीकडे, लाल त्यावर टोकाकडून खाली. (कळलावी पूर्ण विषारी आहे. काढून झाल्यावर हात धुवा, पोरांना लांब ठेवा.)

जाईने मात्र दमवलं. आमच्याकडून म्हार्दोळ जवळ आहे. म्हाळसेच्या देवळाबाहेरची फुलकारीण संध्याकाळी विचारते, "जायो जाय गे बाये?" (जाईची फुलं हवीत का गं बाई?) घरी आणून पाण्यात ठेवावी तोवर अंधार पडतो, आणि ट्यूबलाइटखाली पांढऱ्याची सावली कुठल्या रंगाची आहे हेच कळत नाही. पांढरी १०१ इथे उपयोगाची नाही. रंगीत पेन्सिल पारदर्शक असते, गडदावर पांढरं उठत नाही. कागदाचाच पांढरा राखून भोवती पानांचा हिरवा भरायचा. पानांच्या शिरा संपलेल्या बॉलपेनने आधी दाबून घ्यायच्या, म्हणजे वरून हिरवा फिरवला तरी त्या फिकट राहतात.

नोव्हेंबरात डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, उजव्याचं जानेवारीत. मधले दोन महिने माझ्याकडे दोन जाया होत्या. डाव्या डोळ्याला दिसणारी दुधासारखी, उजव्याला दिसणारी जुन्या धोतरासारखी. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि निळा रंग अडवतं, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा एक कोडं सुटलं. संध्याकाळी मला १५७ ची गडद निळी आणि १९९ काळी एकसारख्या दिसायच्या, दांड्यावरचा आकडा वाचून उचलायची. आता मागची चित्रं काढून बघते तर कित्येक पानांच्या सावल्या चक्क निळ्या. दुरुस्त करणार नाही. त्या वर्षी मला तशाच दिसत होत्या.

टिकाऊपणाचं म्हणाल तर प्रत्येक दांड्यावर तारे आहेत. तीन तारे म्हणजे सर्वांत कमी उडणारा रंग. तरी खात्री म्हणून एका पट्टीवर सगळे रंग ओढले, अर्धी पट्टी पुठ्ठ्याने झाकली आणि फेब्रुवारीपासून पश्चिमेच्या खिडकीला चिकटवली. शेजारी दुसऱ्या एका स्वस्त संचाची पट्टी लावली. परवा पुठ्ठा उचलला. स्वस्तातला गुलाबी जवळजवळ नाहीसा झालाय. पॉलीक्रोमॉसच्या पट्टीत डोळ्याला कळेल असा फरक मला दिसला नाही. अर्थात तीन महिनेच झालेत, पट्टी अजून तिथेच आहे.

मार्चमध्ये सुरंगीला बसले होते. त्या दाट पिवळ्या केसरांपुढे हात टेकले, पुढच्या वर्षी बघू.

काल डबी झाडून पुसली तेव्हा सगळ्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावल्या. लाल, गुलाबी, जांभळ्या अजून जवळजवळ पूर्ण आहेत. संपत आल्यात त्या हिरव्या : १६८, १७३, २७८. फुलं काढते म्हणून सांगत फिरते, आणि अकरा महिन्यांत खर्च झाली ती सगळी पानंच. १७३ दोन मागवल्या आहेत, या वेळी पाऊस सुरू व्हायच्या आत. कपाटातला बल्बही गेलाय, तो बदलायचा आहे.