किंत्सुगीचं सोनं कळकलं: एका बरणीचे आठ महिने

दोन किलो लिंबाचं लोणचं मी डिसेंबरात कचऱ्यात ओतलं आणि त्याच रागात हे लिहायला बसले होते. अर्धं लिहून तसंच पडलं. आता मे उजाडलाय. मधे माझं मत दोनदा बदललं, पण सुरुवातीची चिडचिड खोडलेली नाही, कारण ते पैसे खरेच गेलेत.

केंद्राचं नाव लिहीत नाही, आमचा हिशेब अजून पुरता मिटलेला नाही. लंडनमध्ये जपानी कलांचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था काही कमी नाहीत, आणि चहाचा सोहळा, इकेबाना म्हणजे फुलांची मांडणी, सुलेखन हे सगळं कसं असतं ते जाणाऱ्यांना ठाऊक आहे. मी गेले फक्त किंत्सुगीसाठी, म्हणजे फुटकं भांडं सोनेरी सांध्याने जोडण्याची जपानी कला. एक दुपार, अडीच तास, 85 पाउंड, 'तुमची फुटकी वस्तू सोबत आणा'. हॅरोहून येण्याजाण्याचं भाडं वेगळं.

माझी फुटकी वस्तू म्हणजे सासूबाईंची बरणी. चिनी मातीची, खाली पांढरी, वर तपकिरी, आपल्या प्रत्येकाच्या घरात होती तीच. पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणली, विमानात टिकली, आणि इथे ओट्यावरून नळाच्या तोटीवर आपटली. तोंडाच्या काठाचे तीन तुकडे झाले, खांद्यापर्यंत एक चीर गेली. सासूबाईंना सांगितलं नाही. सप्टेंबरात ट्रफाल्गर चौकातल्या जपान मात्सुरीत, म्हणजे जपानी जत्रेत, फुकट ढोल ऐकताना एका बाईंनी कार्यशाळेबद्दल सांगितलं, आणि मला वाटलं की देव पावला.

कार्यशाळेतली पहिली चाळीस मिनिटं तत्त्वज्ञानात गेली. अपूर्णतेतलं सौंदर्य, जखम मिरवणं वगैरे. मग पंधराव्या शतकातल्या शोगुन (जपानचा लष्करी शासक) आशिकागा योशिमासाची गोष्ट: त्याचा आवडता चिनी वाडगा तडकला, तसाच दुसरा मिळावा म्हणून चीनला पाठवला, तर तिकडच्यांनी त्याला धातूच्या टाचण्या ठोकून परत पाठवला. त्या टाचण्या टोळासारख्या दिसतात म्हणून वाडग्याचं नाव पडलं 'बाकोहान'. तो आज तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या टाचण्या बघवेनात म्हणून जपानी कारागिरांनी सोन्याचा सांधा शोधला, ही मात्र दंतकथा. सांगितली छान, त्यात वाद नाही.

पण मी मुलखाची हिशेबी बाई. माझा प्रश्न एकच होता: हे चिकटवायचं कशाने? समोर दोन नळ्या होत्या, त्या समसमान पिळायच्या, काडीने ढवळायच्या, पुडीतली सोनेरी पूड मिसळायची. पाच मिनिटांत घट्ट. हे मी ओळखते, आमच्या नवऱ्याने बुटाचा तळवा ह्यानेच चिकटवला होता. इपॉक्सी! आणि पुडीवर फक्त 'गोल्ड पावडर'. मी विचारलं, ह्यात लोणचं ठेवता येईल का? मदतनीस मुलगी गोड हसली आणि म्हणाली की ही बरणी आता एक कलाकृती आहे. ह्याला उत्तर म्हणत नाहीत. निघताना हातात चिठ्ठी दिली, तीत ओव्हन आणि मायक्रोवेव्ह टाळा एवढंच होतं. खाण्याच्या पदार्थांचं अवाक्षर नाही.

दिसत होती मात्र सुंदर. इतकी की नवरा म्हणाला, आईला सांगूनच टाक, मुद्दाम करून घेतली म्हण.

नोव्हेंबरात लिंबं स्वस्त मिळाली. बरणी धुतली, वाळवली, लोणचं भरलं, दादरा बांधला. पाच आठवड्यांनी दादरा सोडला तर काठावरची सोनेरी रेघ आतल्या बाजूने हिरवी. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक राहिलं की कसं कळकतं, तस्सं. सोनं कळकत नाही. कळकतं ते पितळ, म्हणजे त्यातलं तांबं. 85 पाउंड घेऊन त्यांनी माझ्या सासूबाईंच्या बरणीला पितळेची पूड फासली होती, आणि लिंबू-मिठाने तिचं पितळ उघडं पाडलं.

पत्रव्यवहार लांबला. माझं म्हणणं साधं होतं: तुम्ही बुटाचा गोंद वापरा, पितळ वापरा, पण आधी सांगा. त्यांचं म्हणणं, एका दुपारच्या वर्गात हेच होऊ शकतं आणि हे सगळ्यांना माहीत असतं. कोणत्या सगळ्यांना? शेवटी त्यांनी 40 पाउंड दिले, तेही रोख नाही, 31 मार्चपर्यंत त्यांच्याच कार्यक्रमांना वापरायची जमा. इथवर डिसेंबरात लिहिलेलं. तेव्हा मी दोन तारे देणार होते, त्यातला एक ढोलांचा.

पुढचं मार्चमधलं आहे.

जमा फुकट जाऊ द्यायची नाही, म्हणून कार्यक्रमांची यादी काढली. लंडनमध्ये ह्यातलं किती फुकट मिळतं हे मला ह्याच निमित्ताने कळलं. केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरच्या जपान हाउसमध्ये, जे 2018 मध्ये उघडलं, प्रदर्शनाला तिकीट नाही. तळघरात उतरायचं, तासभर बघायचं, वरच्या दुकानातल्या किमती वाचून हात पाठीशी बांधून बाहेर यायचं. व्ही अँड ए म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातलं जपानी दालनही फुकट. तिथे माझारिन पेटी आहे, 1640 च्या सुमाराला क्योटोत केलेली, काळ्या लाखेसारख्या लेपावर सोन्याचं इतकं बारीक काम की नाक काचेला टेकतं. ह्या लेपाला जपानीत उरुशी म्हणतात. पेटी ज्यांनी दुरुस्त केली त्यांनी तीच उरुशी वापरली. त्या काचेसमोर मला माझ्या बरणीची लाज वाटली, आणि केंद्राचा नव्याने राग आला.

आणि नेमका त्याच केंद्राने जानेवारीत वर्ग जाहीर केला: उरुशीचं खरं किंत्सुगी, एकाआड एक सहा शनिवार, 210 पाउंड. 40 वाचवण्यासाठी मी 170 घातले. नवरा काही बोलला नाही, पण त्याचा चेहरा बोलला.

इथे माझं मत पहिल्यांदा बदललं. ह्या वेळचे सेन्सेई, म्हणजे शिक्षक, वेगळे होते, वयस्कर, मितभाषी, तत्त्वज्ञान शून्य. पहिलाच प्रश्न, आंबा, काजू ह्यांचा कोणाला त्रास होतो का? मी हसले. माहेर रत्नागिरीचं, आंबा-काजूचा त्रास व्हायचा तर जन्मच झाला नसता. त्यांनी शांतपणे सांगितलं की उरुशीचं झाड आंब्याच्याच कुळातलं, आणि त्याच्या चिकातलं उरुशिओल कातडीवर उठतं. हातमोजे द्या म्हटल्यावर मी ते घातले, पण बाही सरकली तिकडे लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी दोन्ही मनगटांवर फोड.

व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी मनगट बघितलं मात्र, "अगं, तुला बिब्बा उतलाय! लंडनात कुठे मिळाला बिब्बा?"

"बिब्बा नाही हो आई, जपानी रंग आहे."

"रंग असू दे नाहीतर काही, खोबरेल लाव."

त्या वेळी विषय टाळला, पण कॉल ठेवल्यावर शोधलं. बिब्बासुद्धा त्याच कुळातला निघाला. आमच्या आजीच्या लहानपणी परीट कपड्यांवर ज्याने खुणा करायचे त्याचा आणि माझ्या बरणीच्या सांध्याचा चीक जवळचे नातलग. हे वाचून मला इतका आनंद झाला की फोडांची आग दोन मिनिटं विसरले. (खोबरेलाने भागलं नाही. औषधाच्या दुकानातून मलम आणावं लागलं, तो खर्च केंद्राच्या माथी मारत नाही, चूक माझी.)

आधी जुना जोड सोडवायचा होता. सेन्सेईंनी बरणी उकळत्या पाण्यात बुडवली, आणि ज्याला 85 पाउंड मोजले तो गोंद दहा मिनिटांत च्युइंगम झाला. ते म्हणाले काहीच नाहीत. मी मात्र त्याचा फोटो काढून कार्यालयाला पाठवला.

मग खरं काम. उरुशीत मैदा आणि पाणी मिसळून जी लगदी होते ती म्हणजे आपली खळच, फक्त जगातली सगळ्यात महाग खळ. तिने तुकडे जोडायचे. जिथे टवका उडालाय तिथे उरुशीत मातीची बारीक पूड कालवून भरायची, रंगारी भिंतीला लांबी भरतात तशी. ती घट्ट झाली की पॉलिश पेपरने पाणी लावून घासायची. मग लेप, पुन्हा घासणं, पुन्हा लेप. दर टप्प्याला आठवडा-दोन आठवडे थांबायचं.

आणि थांबायचं कसं, हीच खरी गंमत. मला वाटायचं रंग म्हणजे वाळतो. उरुशी वाळत नाही, ती हवेतला ओलावा घेऊन कडक होते. हवेत साधारण 70 ते 85 टक्के ओल आणि 20 ते 30 अंश उष्णता लागते, म्हणजे कोकणातला जुलै! घरी पडवीत ठेवली असती तर फुकटात काम झालं असतं. इथे हीटर चालू असलेल्या घरात मी 9 पाउंडांचा मापक लावला तर 38 टक्के. मग न्हाणीघरात पुठ्ठ्याचा खोका, त्यात ओला टॉवेल, वर पाट, पाटावर बरणी. जपानीत ह्या ओल्या कपाटाला मुरो म्हणतात. दोन महिने आम्ही बरणीला वळसा घालून आंघोळी केल्या. मुलगा तिला 'आजी आल्यात' म्हणायचा.

चौथ्या शनिवारी मला उरुशीच्या किमतीवर भांडायचं होतं, कारण छोट्या नळीचे वेगळे 18 पाउंड घेतले. सेन्सेईंनी सांगितलं की झाड दहा-पंधरा वर्षं वाढवायचं, मग एका उन्हाळ्यात सालीवर चिरा पाडत चीक गोळा करायचा, मिळतो साधारण पेलाभर, 200 ग्रॅम, आणि नंतर ते झाड तोडतात. 18 पाउंड दिले. कुरकुर केली, पण दिले.

पाचव्या शनिवारी सोन्याचा प्रश्न आला. खरं सोनं चिमूटभर हवं तर 45 पाउंड जास्त. वर्गात सगळ्यांनी घेतलं. मी विचारलं, नाही लावलं तर? म्हणाले, मग नाही लावायचं, सांधा उरुशीने झालाय, सोनं वरचं आहे. हे वाक्य पहिल्या कार्यशाळेत कोणी बोललं असतं तर दोन किलो लोणचं वाचलं असतं. मी तांबूस उरुशीवरच थांबले. बरणीच्या वरच्या तपकिरीत ती रेघ अशी मुरली की काठावर बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. 45 पाउंड वाचल्याचा आनंद आणि डोळ्यांना झालेला आनंद ह्यातला मोठा कोणता, हे मी अजून ठरवलेलं नाही.

लोणच्याचं काय, हे मी अर्थात पुन्हा विचारलं. ह्या वेळी नीट उत्तर मिळालं: पुरती कडक झालेली उरुशी आंबट, खारट, तेलकट सोसते, जपानात सूपचे लाकडी वाडगे पूर्वीपासून तिनेच लेपत आलेत. तिचा वैरी सूर्यप्रकाश. तेव्हा खिडकीत ठेवू नका, घासणीने खरवडू नका, आणि शेवटच्या लेपानंतर दीड-दोन महिने काही भरू नका.

बाकी कार्यक्रमांबद्दल थोडक्यात. राकुगोला, म्हणजे जपानी विनोदी कथाकथनाला, गेले, 12 पाउंड. एक माणूस उशीवर गुडघे मोडून बसतो, हातात पंखा आणि फडकं, आणि तासभर उठत नाही. पंख्याच्या चॉपस्टिक्स करून त्याने शेवया असा आवाज करत ओढल्या की मला भूक लागली. इंग्रजीत असूनही हसू थांबेना, पुन्हा जाईन. चहाचा सोहळा माझ्या गुडघ्यांना झेपला नाही. केंद्रातली कॉफी पाण्यासारखी आणि महाग, डबा न्यावा.

मे. सासूबाई एप्रिलअखेर आल्या. आल्या त्याच दिवशी सांगून टाकलं, कारण 'आजी आल्यात'चा खोका मुलाने त्यांना दाखवलाच. त्यांनी बरणी उजेडात धरली, काठावर बोट फिरवलं, आणि पहिला प्रश्न किती लागले. मी 170 म्हणाले, 85 गाळले. नवऱ्याने लगेच 85 भरले. पाउंडांचे रुपये करायला त्यांना अर्धा मिनिट लागलं आणि मग त्या बराच वेळ गप्प होत्या.

त्यांना हॉलंड पार्कमधल्या क्योटो गार्डनला घेऊन गेले, 1991 मध्ये झालेली बाग, तीही फुकट. धबधबा, मासे, मोर बघून म्हणाल्या, "ही आपल्या सिंहगड रोडच्या बागेची धाकटी बहीण गं." पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या बागेवरून केलेलं, तेव्हा बहीण नाही तरी चुलत बहीण म्हणायला हरकत नाही. सासूबाईंच्या मते आपल्याकडचं मोठं आहे. ते खरंच मोठं आहे.

बरणीत त्यांनी लोणचं घालू दिलेलं नाही. आधी महिनाभर खडेमीठ, मग बघू म्हणाल्या. दादरा स्वतः बांधला, खिडकीपासून लांब, फडताळात ठेवली.

तारे आता साडेतीन, त्यातले तीन सेन्सेईंचे. अर्धा कापला तो नळीच्या 18 पाउंडांचा. परवा केंद्राचं नवं पत्रक आलं, एका दुपारच्या किंत्सुगीचं. खाली बारीक अक्षरात नवी ओळ आहे: दुरुस्त वस्तू शोभेसाठी, अन्नपदार्थ ठेवू नयेत. ओळ आली. फी 95 झाली.