आयसोफिक्स नसलेल्या जुन्या गाडीत चाइल्ड सीट: नागपुरातील तीन महिन्यांचा अनुभव

आमची गाडी २००९ सालची हॅचबॅक आहे. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर गेल्या वर्षी आरटीओत तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून तिच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले, त्यामुळे ती विकण्याचा विचार सध्या नाही. मुलगी आणि जावई नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन पुण्याहून काही महिन्यांसाठी नागपूरला यायचे ठरले, तेव्हा प्रथमच हिच्यात चाइल्ड सीट बसवण्याची वेळ आली. त्यांच्याकडची सीट केवळ आयसोफिक्सची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला कारखान्यातच जोडलेल्या दोन कड्यांमध्ये अडकणारी आहे आणि आमच्या मागच्या बाकात तशा कड्या नाहीत. म्हणून गाडीच्याच थ्री-पॉइंट, म्हणजे कमर आणि खांदा दोन्हींवरून जाणाऱ्या, बेल्टने बांधता येणारी, जन्मापासून १८ किलोपर्यंत चालणारी सीट सुमारे नऊ हजार रुपयांना विकत घेतली. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्या सीटच्या नसून आमच्या गाडीच्या आहेत आणि दुसऱ्या गाडीत हीच सीट वेगळी वागेल.

खरेदीचाच अनुभव आधी सांगतो. पहिल्या दुकानातील विक्रेत्याने गाडीचे साल ऐकताच, आयसोफिक्स नसेल तर सीट घेऊन उपयोग नाही, असे ठामपणे सांगितले. हे खरे नाही. सीटवरील नारिंगी लेबलावर ‘ई’ हे चिन्ह, ०४ ने सुरू होणारा मान्यता क्रमांक आणि ‘युनिव्हर्सल’ हा शब्द असेल, तर ती आर ४४/०४ या युरोपीय नियमानुसार थ्री-पॉइंट बेल्टने बसवण्यासाठी मान्य झालेली असते. त्याहून धक्कादायक सल्ला एका गॅरेजमध्ये मिळाला. ‘भाऊ, खालच्या पत्र्याला दोन कड्या वेल्ड करून देतो, अर्ध्या तासाचं काम आहे,’ असे तेथील मेकॅनिक म्हणाला. धडकेच्या क्षणी त्या कड्यांवर जो ताण येतो, तो पेलण्यासाठी कारखान्यात सांगाड्याची विशिष्ट जागा निवडून चाचणी घेतलेली असते. पातळ पत्र्यावरचा घरगुती जोड तो पेलणार नाही, एवढे अभियांत्रिकी न शिकताही कळते. दुसऱ्या दुकानदाराने मात्र सीट खाली आणून आमच्या गाडीत लावून पाहू दिली आणि याच एका कारणासाठी खरेदी तेथे केली.

लावून पाहताना पहिला अडथळा आला तो सीट कव्हरचा. गाडी घेतल्यानंतर हौसेने बसवलेले, आत जाड फोम असलेले रेक्झिनचे कव्हर चाइल्ड सीटखाली इतके दबत आणि घसरत होते, की बेल्ट कितीही ओढला तरी सीट दोन्ही बाजूंना चार-चार बोटे हलत असे. शिवाय उलट दिशेने, म्हणजे बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल अशी, बसवलेल्या सीटला बेल्ट फार लांब लागतो: कमरेचा पट्टा निळ्या खुणांमधून जातो, तर खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरून येतो. आमचा जुना बेल्ट बकलपर्यंत पोहोचण्यास जेमतेम दोन इंच कमी पडत होता. एका नातेवाइकाने बेल्ट लांब करणारा जोडतुकडा सुचवला. सीटच्या पुस्तिकेत त्याला स्पष्ट मनाई असल्याने तो विषय तेथेच संपला. कव्हर शिवणाऱ्या कारागिराकडे जाऊन मागच्या बाकाचे कव्हर पूर्ण काढून घेतले, तेव्हा खाली गाडीचे मूळ कापड जसेच्या तसे निघाले आणि बेल्ट सहज पुरला. इतकी वर्षे जपलेल्या त्या कव्हरविषयी घरात थोडी हळहळ व्यक्त झाली, पण माझे मत असे आहे की मूल बसणार असलेल्या बाकावर असले कव्हर असूच नये.

कव्हर निघाल्यावर दुसरी अडचण उघडी पडली. चालकामागील उजव्या जागेवरील बकलचा दांडा लांब असल्याने बेल्ट आवळला की बकल नेमके चाइल्ड सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन आडवे होत होते. बकल अशा रीतीने कडेवर वाकले, तर झटक्यात ते तुटण्याचा किंवा उघडण्याचा धोका असतो. त्यामुळे बेल्ट घट्ट बसला आहे, असे वरवर दिसत असूनही ती जागा सोडून द्यावी लागली. डाव्या बाजूचे बकल आखूड निघाले आणि बाकाच्या खाचेतच राहिले. डावी जागा एरवीही सोयीची, कारण नातीला पदपथाच्या बाजूने उतरवता येते. मात्र उलट्या सीटला जागा मिळावी म्हणून पुढची सीट इतकी सरकवावी लागते, की उंच माणसाने तेथे न बसलेलेच बरे.

तिसरी अडचण उताराची. जुन्या गाड्यांचा मागचा बाक पाठीकडे बराच खोल उतरतो, त्यामुळे उलटी ठेवलेली सीट जास्त उभी होते आणि झोपलेल्या बाळाची मान पुढे पडते. सीटच्या बाजूला आखलेली रेषा जमिनीला समांतर यायला हवी. पुस्तिकेत परवानगी असल्यामुळे बाक आणि पाठ जेथे मिळतात त्या खाचेत टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवली आणि रेषा जुळली. ही जुळवणी सपाट जागेवरच करावी. आमच्या इमारतीच्या उतरत्या पार्किंगमध्ये केलेली पहिली जुळवणी सपशेल चुकली होती.

बेल्ट आवळताना सीटमध्ये गुडघा रोवून पूर्ण वजन द्यावे, मग बेल्ट ओढून तो घट्ट धरून ठेवणारी सीटची क्लिप लावावी आणि हलवून पाहताना सीटचा वरचा भाग न धरता बेल्ट जेथून जातो तेथेच धरावे. तेथे ती अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलू नये. मागचे बेल्ट झटका बसल्यावरच अडकतात, हळू ओढले तर सुटत राहतात, म्हणून सीटला स्वतःची क्लिप असणे जुन्या गाडीत फार उपयोगाचे ठरते. रामटेकला जाऊन आल्यावर, म्हणजे येऊन-जाऊन सुमारे शंभर किलोमीटरनंतर, सीट जागची हलली नव्हती.

सीटविषयीच्या माझ्या स्वतंत्र तक्रारी दोन आहेत. पुस्तिकेतील सर्व चित्रे नव्या गाड्यांची आहेत आणि मराठीत एकही ओळ नाही. दुसरी तक्रार नागपूरच्या उन्हाची: मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, की काळे कापड आणि बकलचा धातू हात लावता येणार नाही इतके तापतात. आम्ही सीटवर पांढरा दुपट्टा टाकून ठेवतो आणि बाळाला बसवण्यापूर्वी बकल हाताने तपासतो.

‘गावातल्या गावात कशाला हवी?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. चौदा वर्षांखालील मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित केलेले नसेल, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे एक हजार रुपये दंड आहे, हे उत्तर लोकांना पटकन पटते, म्हणून तेच देतो.

सीट पाचपैकी चार गुणांची आहे. ज्यांच्या गाडीच्या मागच्या बाकावर केवळ कमरेचा पट्टा आहे, त्यांनी ती घेऊ नये. इतरांनी घेण्यापूर्वी मागचे कव्हर काढून, दुकानाच्या दारातच दोन्ही बाजूंना लावून पाहावी आणि बकल कोठे येते ते डोळ्यांनी तपासावे.