वाढदिवसाची फ्रेम: छपाई झकास, यादी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा

सांगलीत विश्रामबागेतल्या एका फोटोफ्रेमच्या दुकानात हल्ली नवा प्रकार मिळतो. मध्ये आपला फोटो, भोवती आपल्याच तारखेला जन्मलेली नामवंत मंडळी आणि प्रत्येकाखाली जन्मसाल. बारा बाय अठराची फ्रेम काचेसकट साडेसहाशेला. घरातल्या बऱ्याच जणांच्या करून झाल्या, म्हणून लिहिते.

छपाईला नाव ठेवायला जागा नाही. मॅट कागद, जुने काळे-पांढरे फोटोही स्वच्छ, मागचा हार्डबोर्ड नीट ठोकलेला. दिलेल्या दिवशी माल तयार असतो, हे आमच्याकडे कौतुकानंच सांगायचं.

घोटाळा आहे तो यादीत. ती कॉम्प्युटरमधून आयती निघते. आमच्या धाकट्याचा वाढदिवस १५ जानेवारी. व्हॉट्सअपवर प्रूफ आलं, त्यात मार्टिन ल्यूथर किंग होते, ते ठीक. बाकी जे फुटबॉलवाले आणि नट होते, त्यातला एकही मला ओळखता आला नाही आणि त्यालाही नाही. खाशाबा जाधव कुठेच नाहीत! पोरगं रोज संध्याकाळी तालमीत जातं, अंगाला माती लावून घरी येतं, आणि त्याच्या फ्रेमवर गोळेश्वरचे खाशाबा नकोत? हेलसिंकी, १९५२, कुस्तीत कांस्य; स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक. गोळेश्वर कऱ्हाडला लागून, म्हणजे आमच्या शेजारच्याच जिल्ह्यात.

फोन केला. "मॅडम, ते नाव सिस्टिममध्ये येत नाही."

"मग हातानं टाका की."

टाकलं बिचाऱ्यानं, जादा पैसे न मागता. पुढच्या प्रूफात ‘खशाबा’ आलं, तेही दुरुस्त करून घेतलं. आता फ्रेमवर डाव्या हाताला किंग, १९२९, आणि उजव्या हाताला खाशाबा, १९२६. तीन वर्षांनी मोठा आमचा कऱ्हाडवाला. पोरगं येईल-जाईल त्याला हे दाखवतं.

जाऊबाईंच्या फ्रेमला मात्र मी चांगलीच चिडले. त्यांची तारीख १ ऑगस्ट. यादीत पहिलंच नाव लोकमान्य टिळक! टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६चा. १ ऑगस्ट १९२० ही त्यांची पुण्यतिथी. वाढदिवसाच्या भेटीवर पुण्यतिथी छापून आली असती तर सासूबाईंनी फ्रेम उंबऱ्याच्या आत घेऊ दिली नसती. बरं, ज्या दिवशी मुंबईत टिळक गेले, त्याच दिवशी, अगदी त्याच साली, आपल्या वाळवा तालुक्यात वाटेगावला अण्णा भाऊ साठे जन्मले. ते नाव यादीत नाही! जन्म आणि मृत्यू एकाच रकान्यात ओतून ठेवलेत, कुणी वाचून बघत नाही. मालकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "आजवर कुणी तक्रार केली नाही." यावर मी काय बोलणार.

सगळ्यात मजा आली मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या फ्रेमला. त्यांची कागदावरची तारीख १ जून. मी बँकेत काउंटरला असते. पेन्शनवाल्यांच्या फॉर्मवर ही तारीख इतकी दिसते की लिहिताना हात आपोआप तिकडे वळतो. पोराला शाळेत घालायला आणलं, जन्माची नोंद नाही, मग गुरुजींनी वय बसेल असं साल धरून १ जून लिहून टाकायचं. म्हणून तर दर ३१ मेला ऑफिसं रिकामी होतात आणि हारवाल्यांची चंगळ होते. तेवीस माणसं जमली तर कुणातरी दोघांचा वाढदिवस एकच निघण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, असं गणित सांगतं. सगळ्या तारखा सारख्याच धरून केलेला तो हिशोब. आमच्या पेन्शनच्या रांगेत तेवीस कशाला, चारपाच माणसं पुरतात.

मामांची आई सांगायची, हा बेंदराच्या दुसऱ्या दिवशीचा. दुकानात तिथीची सोय नाही, त्यामुळे १ जूनच धरला. यादीत मर्लिन मन्रो, १९२६, आणि नर्गिस, १९२९. मामांनी चष्मा वर केला, जवळून बघितलं आणि म्हणाले, "ही गोरी कोण ती काढा. हिचा फोटो मोठा करा." जत्रेतल्या तंबूत बसून नर्गिसचे सिनेमे बघितलेला माणूस तो. खोट्या तारखेनं एवढं दिलं तर बेंदराची कशाला काढायची, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई अजून त्या भिंतीकडे बघत नाहीत.

दुकानात नमुना म्हणून डार्विन आणि लिंकन लावलेत. दोघेही १२ फेब्रुवारी १८०९चे. तारीखच नाही, सालही एक, म्हणून गिऱ्हाईक थांबतं हे खरं. पण सांगलीच्या दुकानात २६ जून लावायला काय झालं? शाहू महाराज १८७४चे, बालगंधर्व १८८८चे, आणि बालगंधर्व तर आपल्या पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे. नाट्यपंढरी म्हणवतो आपण स्वतःला.

तर घ्यायला हरकत नाही, साडेसहाशे वाया जात नाहीत. फक्त जाताना आपली नावं सालासकट कागदावर लिहून न्या, प्रत्येकापुढे ‘जन्म’ असं स्पष्ट लिहा आणि प्रूफ घरात दोघांना तरी दाखवल्याशिवाय ‘ओके’ पाठवू नका. यादीसाठी पाचातले दोन देते, कामासाठी साडेचार.

पुढची ऑर्डर भाच्याची आहे, २२ सप्टेंबरची. तो साताऱ्याला रयतच्या कॉलेजात शिकतो. कर्मवीर भाऊराव पाटील १८८७चे आणि मायकेल फॅरडे १७९१चा, दोघेही त्याच दिवसाचे. फॅरडे लोहाराचा मुलगा; पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’मध्ये शोभला असता. या दोघांशिवाय तिसरं नाव नको, असं दुकानदाराला सांगून ठेवलंय. त्यानं विचारलं, "एवढी जागा रिकामी ठेवायची?" म्हटलं, हो, ठेवा.