वायरिंगची तपासणी: ओळखीचा वायरमन की परवानाधारक कंत्राटदार?

नाशिकमध्ये घर भाड्याने देताना रंगकाम आठवणीने होतं, वायरिंग मात्र कुणी तपासत नाही. तपासायचं ठरलंच, तर बोलवायचं कुणाला?

ओळखीचा वायरमन लगेच येतो, पैसेही कमी घेतो. सैल सॉकेट, काळवंडलेला प्लग, गरम होणारा एमसीबी (जादा लोड आला की आपोआप बंद होणारा स्विच) हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. अडचण अर्थिंगची. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून तो पेटला की ‘अर्थिंग ओके’. पण सॉकेटमध्येच न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडलेली असली, तरीही बल्ब तसाच पेटतो! पुढे न्यूट्रल तुटला की गिझरच्या पत्र्यातच करंट उतरतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत भाड्याच्या खोल्या असतील तर हे आधी बघा.

परवानाधारक कंत्राटदार मेन स्विच बंद करून, उपकरणं सोडवून मेगरने (तारेवरचं आवरण तपासायचं मीटर) ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासतो. रीडिंग १ मेगाओमच्या खाली आलं तर वायरिंगमध्ये दोष आहे. अर्थ टेस्टर लावतो, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) किती वेळात पडतो तेही मोजतो. खर्च जास्त, पण आकड्यांसह सहीचा रिपोर्ट हातात येतो.

नव्या फ्लॅटमध्ये आरसीसीबी असेल तर वर्षाकाठी वायरमन चालेल. भाड्याचं जुनं घर, मेन रोडवरचं दुकान, सातपूर-अंबडचा गाळा यांना मात्र मी कंत्राटदारच सुचवेन. भाडेकरू बदलताना घर रिकामं असतं, तेव्हाच त्याला बोलवा.